पुलाच्या पोटातला काचेचा धागा

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात गोटा नदीवर १९३९ मध्ये सुरू झालेला एक पूल होता. जवळपास एक किलोमीटर लांब, पोलादी तुळयांचा, मधला भाग जहाजांसाठी वर उचलता येणारा. वरून मोटारींबरोबर ट्रामही धावायच्या. साठेक वर्षं झाल्यावर दुरुस्तीच्या कामात त्याच्या तुळयांना तडे गेलेले सापडले. मुळात त्या काळचं पोलाद यथातथाच, त्यात रोजच्या वाहतुकीनं ते थकलेलं. नवा पूल उभा राहायला दहा-पंधरा वर्षं जाणार होती. तोवर हा बंद ठेवावा तर शहराचे दोन तुकडे पडतात. चालू ठेवावा तर पुढचा तडा कुठे पडेल हे सांगायला कोणी नाही. किलोमीटरभर पुलाखाली लटकून रोज प्रत्येक तुळई न्याहाळणारी माणसं आणायची कुठून?

मग त्या तुळयांवर ऑप्टिकल फायबर चिकटवण्यात आलं, एकूण सुमारे ५ किलोमीटर. आपल्या घरी ज्यावरून इंटरनेट येतं, साधारण त्याच जातीचं. अर्धा मिलिमीटर रुंदीचा तडा उघडला तरी तो कुठे उघडला हे कळावं, अशी अपेक्षा होती. २०२१ मध्ये शेजारचा नवा हिसिंग पूल सुरू झाला आणि जुना उतरवला गेला.

काचेच्या धाग्याला स्वतःच्या अंगावरचा ताण कळतो, आणि तो कितव्या मीटरवर आहे हेही सांगता येतं, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. त्या पाच किलोमीटरमध्ये कुठेही बॅटरी नाही, चिप नाही, वायरींचं जंजाळ नाही. एका टोकाला प्रकाश सोडणारी आणि परतलेला मोजणारी एक पेटी आणि पुढे नुसती काच. गेल्या दहा वर्षांत या काचेनं भूकंप, ज्वालामुखी आणि रुळांवरचे हत्तीसुद्धा टिपले आहेत. ते कसं, हे समजायला आधी फायबरमधून प्रकाश गळतो कुठे ते पाहावं लागेल.

फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश ज्यातून चालतो तो गाभा आणखी बारीक, ८-९ मायक्रॉनचा. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून लांबवर संदेश पाठवता येतील. त्या वेळच्या फायबरमध्ये वीस मीटर जाईपर्यंत ९९ टक्के प्रकाश नाहीसा व्हायचा. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं असं फायबर बनवलं की तेवढीच गळती व्हायला किलोमीटरभर अंतर लागावं. आजच्या फायबरमध्ये एका किलोमीटरनंतर ९५ टक्क्यांहून जास्त प्रकाश शिल्लक असतो. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं ते या कामासाठी.

उरलेला साडेचार टक्के मात्र काही केल्या सुटत नाही. त्यातला बराचसा भाग अशुद्धीमुळे जातच नाही. वितळलेली काच थंड होऊन गोठते तेव्हा तिच्या घनतेत अगदी सूक्ष्म चढउतार जागच्या जागी राहून जातात. इथे किंचित दाट, तिथे किंचित विरळ. प्रकाश त्यांच्यावरून जाताना थोडा थोडा चहूकडे विखुरतो. आकाश निळं का दिसतं याचं गणित १८७१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडलं, तोच हा प्रकार, म्हणून त्याला रॅले विकिरण म्हणतात. विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा अंश उलट फिरून ज्या टोकाकडून आला त्याच टोकाकडे चालू लागतो.

घाटात दरीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली की समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो, आणि किती वेळानं आला यावरून कडा किती लांब ते कळतं. फायबरमध्ये फरक एवढाच की प्रत्येक सेंटिमीटर हा एक छोटा कडा आहे. लेझरचा एक ठोका आत सोडला की पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत सगळीकडून क्षीण प्रतिध्वनी ओळीनं परत येत राहतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. म्हणजे एक मीटर पुढे जाऊन परत यायला त्याला १० नॅनोसेकंद लागतात. परतीचा प्रकाश किती नॅनोसेकंदांनी आला ते मोजलं की तो कुठून आला हे ठरलं. केबल तुटली की टेलिफोनवाले ‘ओटीडीआर’ नावाचं यंत्र लावून तुटलेली जागा शोधतात, त्याचं तत्त्व हेच, आणि ते १९७६ पासून माहीत आहे.

म्हणजे संदेशवहनवाले पन्नास वर्षं ज्या गळतीला नावं ठेवत आले, तीच मोजमापवाल्यांच्या कामाची निघाली. काच पूर्ण निर्दोष असती तर तिनं काहीच सांगितलं नसतं. या बाबतीत अलीकडे एक मजेशीर पेच तयार झाला आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पोकळ गाभ्याचं फायबर जाहीर केलं. त्यात प्रकाश काचेऐवजी हवेतून चालतो, त्यामुळे गळती नेहमीच्या फायबरच्या निम्म्याहून कमी. डेटा सेंटरवाल्यांना ते हवंहवंसं आहे. पण गाभ्यात काचच नसेल तर उलट फिरणारा प्रकाशही नाममात्र राहतो. जगभर जुनी केबल काढून ही घातली, तर संदेश वेगानं जातील आणि जमिनीत पुरलेले हे कान बरेचसे बंद होतील. अर्थात तसं लवकर होणार नाही. जमिनीत आणि समुद्रात पडून असलेलं साधं फायबर अफाट आहे.

परत येणारा प्रकाश एकाच प्रकारचा नसतो. बहुतेक प्रकाश आला त्याच रंगाचा परततो, तो रॅलेचा. पण अगदी थोडा रंग बदलून येतो, आणि तो बदल करण्याचं काम काचेतलं काहीतरी करतं. काचेचे रेणू उष्णतेनं थरथरत असतात. प्रकाश त्या थरथरीशी ऊर्जेची देवाणघेवाण करून आला तर तो रामन परिणाम: कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी पाहिलेला, ज्यासाठी आपण विज्ञान दिन साजरा करतो. काच जितकी गरम, तितका ऊर्जा घेऊन परतणाऱ्या प्रकाशाचा वाटा मोठा. तेवढं प्रमाण मोजलं की फायबरच्या दर मीटरचं तापमान हाती येतं. लांब बोगद्यात आग नेमकी कुठे लागली, जमिनीखालची वीजवाहिनी कुठे तापते आहे, यासाठी असं फायबर आज सर्रास वापरलं जातं. रामन यांचं नाव आपल्याकडे शाळेच्या फळ्यावर दरवर्षी लिहिलं जातं, पण बोगद्याच्या छताला टांगलेल्या केबलपर्यंत त्यांचा संबंध कुणी नेऊन पोचवत नाही, याचं नवल वाटतं.

तिसरा प्रकार ब्रिलुआं विकिरणाचा, आणि गोथेनबर्गच्या पुलाला तोच कामी आला. काचेतून सतत अतिशय सूक्ष्म ध्वनिलहरी धावत असतात, केवळ तिच्या उष्णतेमुळे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिऑं ब्रिलुआं यांनी १९२२ मध्ये सांगितलं होतं की प्रकाश अशा धावत्या लहरीवरून परतला तर त्याची वारंवारता सरकते. फायबरमध्ये हे सरकणं सुमारे ११ गिगाहर्ट्झचं असतं. मूळ प्रकाशाच्या वारंवारतेच्या तुलनेत हा सतरा हजारांतला एक भाग झाला, पण मोजता येतो. खरी गंमत पुढे आहे. काच ताणली की तिच्यातल्या आवाजाचा वेग बदलतो, आणि वेग बदलला की ते ११ गिगाहर्ट्झ किंचित इकडेतिकडे होतात. एक मायक्रोस्ट्रेन ताणाला सुमारे ०.०५ मेगाहर्ट्झ. मायक्रोस्ट्रेन म्हणजे दशलक्षांश वाढ: एक किलोमीटर लांबीचा धागा एक मिलिमीटरनं लांबला तर तो एक मायक्रोस्ट्रेन. जपानच्या एनटीटी कंपनीतल्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे मोजण्याची पद्धत बसवली.

आता गोथेनबर्गच्या तुळईकडे पाहू. पोलादाला तडा गेला म्हणजे काय झालं? जिथे काल सलग धातू होता तिथे आज अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. फायबर अगदी घट्ट चिकटवलेलं असेल तर त्याला ती अर्ध्या मिलिमीटरची वाढ जवळजवळ शून्य लांबीत सोसावी लागेल, आणि ते तिथल्या तिथे तुटेल. फार सैल लावलं तर त्याला तडा कळणारच नाही. म्हणून डिंक असा निवडला की तड्यापाशी तो दोन्ही बाजूंनी थोडा सुटावा. समजा तो दहा सेंटिमीटरभर सुटला, तर अर्धा मिलिमीटर दहा सेंटिमीटरवर वाटला जातो, म्हणजे ०.५ टक्के किंवा ५,००० मायक्रोस्ट्रेन. फायबर हे सोसू शकतं. पण मोजणारी पेटी तर साधारण एकेक मीटरची सरासरी पाहते. त्या मीटरमधले दहाच सेंटिमीटर ताणलेले, बाकी नव्वद निवांत. सरासरीत ही वाढ विरून जाऊ नये म्हणून परतीच्या लहरीच्या आकारातून तो छोटा तुकडा वेगळा काढायची गणितं बसवावी लागली. या सगळ्या कामात लेझरइतकंच महत्त्व डिंकाला होतं. या क्षेत्रातल्या लोकांना विचारलं तर ते हसून हेच सांगतील: प्रयोगशाळेत फायबर नेहमी चालतं, पुलावर डिंक चालला पाहिजे.

सगळीकडे मोजायची गरज नसते. कुठल्या दहा जागा नाजूक आहेत हे इंजिनिअरला ठाऊक असेल तर तेवढ्याच जागी पाहिलेलं पुरतं, आणि त्यासाठी ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे काचेत उमटवलेली रेघांची जाळी, आहे. तिचा शोध थोडा अपघातानंच लागला. १९७८ मध्ये कॅनडात ओटावाच्या सरकारी संशोधन केंद्रात केन हिल आणि त्यांचे सहकारी आर्गन लेझरचा निळा-हिरवा प्रकाश फायबरमधून पाठवत होते. हळूहळू पलीकडे कमी प्रकाश पोचू लागला आणि परत येणारा वाढत गेला. आत जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरींनी मिळून काचेत स्वतःचाच ठसा उमटवला होता: दाट-विरळ-दाट-विरळ अशा समान अंतरावरच्या रेघा. अशा रेघांची जाळी एकाच विशिष्ट रंगाचा प्रकाश परत पाठवते, बाकीचा जाऊ देते. क्ष-किरण स्फटिकावरून कसे परततात याचा नियम विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये सांगितला होता, म्हणून जाळीला त्यांचं नाव. १९८९ मध्ये अतिनील किरणांनी फायबरच्या बाजूनं हव्या त्या अंतराच्या रेघा कोरता येऊ लागल्या आणि ती कारखान्यात बनण्याजोगी वस्तू झाली.

एक सेंटिमीटर जाळीत सुमारे १८ हजार रेघा असतात, दोन रेघांमध्ये अर्ध्या मायक्रॉनहून थोडं जास्त अंतर. धागा ताणला की रेघा एकमेकींपासून दूर जातात आणि परतणारा रंग तांबड्याच्या बाजूला सरकतो. एका मायक्रोस्ट्रेनला १.२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). कॅनडातल्या कॅलगरी शहराच्या बेडिंग्टन ट्रेल पुलात १९९३ मध्येच अशा जाळ्या काँक्रीटमध्ये घातल्या गेल्या, हाँगकाँगच्या प्रचंड झुलत्या त्सिंग मा पुलावर नंतर. आपल्याकडे बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था यांनी या जाळ्यांवर बरंच काम केलं आहे.

इथवरच्या पद्धती संथ आहेत. तुळई किती ताणली हे त्या सांगतात, पण तुळईवरून आत्ता ट्रक धडधडत गेला हे ऐकायला वेगळं तंत्र लागतं, आणि अलीकडचा खरा गाजावाजा त्याचाच आहे. त्यात पुन्हा रॅले विकिरणच वापरतात, मात्र परतलेला प्रकाश किती यापेक्षा त्याची लहर कुठल्या टप्प्यावर आहे हे पाहतात. फायबरच्या दहा मीटरच्या तुकड्यात एक नॅनोस्ट्रेनची, म्हणजे मायक्रोस्ट्रेनच्या हजाराव्या भागाची, हालचाल झाली तर तो तुकडा १० नॅनोमीटरनं लांबतो. काचेतल्या प्रकाशलहरीची लांबी सुमारे १,०७० नॅनोमीटर, आणि प्रकाश तो तुकडा जाता-येता दोनदा ओलांडतो. म्हणजे लहर साधारण पन्नास-साठाव्या भागानं सरकते. एवढं सरकणं चांगल्या लेझरनं दिसतं. दहा किलोमीटरच्या फायबरमध्ये ठोका जाऊन यायला १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणून सेकंदाला दहा हजार वेळा हे पाहता येतं. परिणामी प्रत्येक मीटर हा एक मायक्रोफोन होतो. अशा ऐकण्यासाठी नवी केबल टाकायचीही गरज नाही. टेलिकॉम कंपन्यांनी जास्तीची टाकून ठेवलेली, रिकामी पडलेली फायबर चालतात.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं आपल्या आवारातल्या नळ्यांमध्ये सैलच पडलेल्या सुमारे पाच किलोमीटर फायबरला पेटी जोडली. पहिल्या वर्षभरात ८०० हून जास्त घटना नोंदल्या गेल्या, त्यात सप्टेंबर २०१७ मधला मेक्सिकोचा मोठा भूकंप होता आणि खाणीतले सुरुंगही होते. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात समुद्रतळावरच्या एका वैज्ञानिक केबलच्या २० किलोमीटरवर चारच दिवस प्रयोग झाला, तर तेवढ्यात जवळच्या एका छोट्या भूकंपाची नोंद मिळाली. समुद्राच्या तळाशी भूकंपमापक बसवणं किती खर्चाचं असतं हे माहीत असलेल्यांनाच या चार दिवसांचं मोल कळेल. कॅलिफोर्नियातल्याच पॅसाडिना शहरात तर तिथल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या लोकांनी २०२० च्या नववर्षाच्या मिरवणुकीचा रस्त्याखालच्या फायबरवरून अभ्यास केला. चित्ररथांचं वजन रस्त्याला कसं दाबत गेलं आणि बँडपथकांची पावलं कशी ठेक्यात पडली, दोन्ही उमटलं. पुण्यात अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्याखाली कुणी हे करून पाहील तर ढोलपथकांच्या शिस्तीबद्दलचे बरेच वाद मिटतील.

आइसलँडचं काम मात्र गंमतीचं नाही. ग्रिंडाविक नावाचं मासेमारीचं गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये रिकामं करावं लागलं, कारण त्याच्या खालून शिलारस वाट काढत होता. त्या परिसरातून जाणाऱ्या सुमारे १०० किलोमीटर टेलिकॉम फायबरला पेटी लावण्यात आली. इथे थरथर ऐकण्यापेक्षा जमीन मिनिटागणिक कशी ताणली किंवा दबली जाते ते पाहायचं होतं. शिलारस भेगेत घुसला की वरची जमीन एका बाजूला फाकते आणि शेजारी आवळते. फायबरवर त्याची खूण स्पष्ट उमटते आणि ती कुठे सरकते आहे हेही दिसतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात अशा नऊ घुसखोरींची नोंद आहे, त्यांपैकी सहांचा शेवट उद्रेकात झाला. लाव्हा बाहेर पडण्याच्या अर्धा तास आधी इशारा देता येईल इतकी ही माहिती ताजी असते. अर्धा तास कमी वाटतो, पण गावात अडकलेल्या माणसाला गाडीत बसून निघायला तो पुरतो.

भारतात हे तंत्र सर्वांत ठळकपणे वापरात आलं ते हत्तींसाठी. ईशान्य सीमा रेल्वेनं डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर बंगालच्या अलीपूरदुआर विभागात रुळांकडेच्या फायबरवरून हत्तींची चाहूल घेणारी यंत्रणा सुरू केली. पुढे तिला ‘गजराज’ नाव मिळालं. हत्तीच्या पावलांचा ठेका माणसाच्या किंवा गाडीच्या ठेक्याहून वेगळा असतो. तो ओळखून स्टेशनमास्तर आणि गाडीचालकाला सूचना द्यायची, अशी योजना आहे. रेल्वेकडे रुळांच्या कडेनं फायबर आधीपासून होतंच, त्यामुळे अर्धं काम झालेलं होतं.

आता अडचणी. पहिली आणि सर्वांत मोठी अडचण आहे ऊन. ब्रॅग जाळीचा रंग ताणानं सरकतो तसा तापमानानंही सरकतो: एका अंशाला सुमारे १० पिकोमीटर, म्हणजे आठ मायक्रोस्ट्रेनचा आभास. ब्रिलुआंचंही तेच. यावर उपाय सोपा आहे, शेजारी एक सुटं फायबर ठेवायचं, जे फक्त तापमान पाहील. पण पूल स्वतःही उन्हात लांबतो. शंभर मीटरची पोलादी तुळई ३० अंशांच्या फरकानं साडेतीन सेंटिमीटरनं वाढते. या रोजच्या भरती-ओहोटीत अर्ध्या मिलिमीटरचा तडा शोधायचा असतो.

स्वित्झर्लंडमधल्या झेड-२४ नावाच्या एका जुन्या पुलानं हे फार छान शिकवलं. तो पाडायचाच होता, म्हणून १९९७-९८ मध्ये त्यावर जवळपास वर्षभर यंत्रं लावून त्याची कंपनं मोजली गेली आणि शेवटी मुद्दाम एकेक करून त्याला इजा करण्यात आली. पूल कमजोर झाला की त्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे तो स्वतःहून सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा, उतरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हिवाळ्यात ती चढताना दिसली. पूल तर मजबूत होत नव्हता. शून्याखाली वरचं डांबर गोठून कडक झालं होतं आणि तेच पुलाला ताठ करत होतं. थंडीमुळे झालेला बदल काही इजांमुळे झालेल्या बदलापेक्षा मोठा होता. तेव्हापासून कुणी पुलावर चार महिने सेन्सर लावून ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं की जाणकार आधी विचारतात: यात उन्हाळा-पावसाळा दोन्ही आले का?

दुसरी अडचण माहितीच्या ढिगाची. दहा किलोमीटर फायबर, दर मीटरला एक नोंद, सेकंदाला हजार वेळा, नोंदीला चार बाइट: दिवसाला साडेतीन टेराबाइट होतात. एवढं साठवायचं नसतं, त्यातून कामाचं तेवढं वेचून बाकी टाकून द्यायचं असतं, आणि काय टाकायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर अजून घडतं आहे. त्यात फायबरला फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेची हालचाल नीट कळते, आडवी आलेली लहर त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. नळीत सैल पडलेली केबल मातीइतकी हलत नाही. शिवाय रस्त्याखालच्या फायबरला पावलं ऐकू येत असतील तर कोणाची पावलं कोणी ऐकायची, हा प्रश्नही आहेच. त्याचे नियम अजून कुठेच नीट झालेले नाहीत.

आपल्याकडच्या पुलांचं काय, हे इथवर वाचताना मनात आलंच असेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह वाहनं नदीत गेली. तिथे फायबर असतं तर पूल वाचला असता का? माझ्या मते नाही. पुराचं पाणी पायाखालची माती उकरून नेतं, आणि कमानींवरच्या ताणात त्याची खूण उमटेपर्यंत फार उशीर होतो. पायाची धूप मोजायला नदीपात्रात रोवलेल्या खांबावर ब्रॅग जाळ्या लावतात, तसे प्रयोग तैवानमध्ये झाले आहेत. पण ते वेगळं काम आहे. मात्र त्या रात्रीचा मोठा घात अंधाराचा होता. पूल गेल्याचं मागून येणाऱ्याला कळत नव्हतं. पुलातून नेलेला एक साधा फायबरचा वेढा तुटला की प्रकाश थांबतो, आणि प्रकाश थांबला की दोन्ही टोकांना लाल दिवा लागतो, एवढीच यंत्रणा तिथे पुरली असती. तिला महागडी पेटी लागत नाही, तज्ज्ञही लागत नाही.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्ती सुचवून वापरायोग्य ठरवला गेला होता. ऑडिट ही एका दिवसाची पाहणी असते आणि फायबर ही रोजची, असा युक्तिवाद फायबर विकणारे करतात. तो खरा आहे, पण अर्धाच. ऑडिट करणारा हातोडीनं ठोकून, काँक्रीटचा नमुना काढून आतल्या सळईचा गंज पाहू शकतो. फायबर गंज पाहत नाही, गंजामुळे झालेला ताण पाहतं. जर्मनीत ड्रेस्डेनचा कॅरोला पूल सप्टेंबर २०२४ मध्ये पहाटे कोसळला तो आतल्या ताणलेल्या तारा वर्षानुवर्षं आतून चिरत गेल्यामुळे. बाहेरून फारसं काही दिसत नव्हतं. अशी तार तुटते तेव्हा टणकन आवाज होतो, आणि तो आवाज टिपता येतो. कॅरोला पुलाच्या उरलेल्या भागावर नंतर तशी यंत्रणा लावली गेली. अमेरिकेत मेरीलँडच्या जलपुरवठा विभागानं आपल्या मोठ्या काँक्रीट जलवाहिन्यांमध्ये २००७ पासून हेच काम फायबरला दिलं आहे: पाण्यातून केबल सोडायची आणि नळाभोवतीची तार तुटल्याचा आवाज आला की जागा टिपायची. एका ठिकाणी असे आवाज वाढू लागले की तेवढा तुकडा बदलतात.

कोकण रेल्वेवर मला हे तंत्र सर्वांत आधी पाहायला आवडेल. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ डोंगरकाप खचून गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्यांचं वेगळं वेळापत्रक असतं, मुसळधार पावसात वेग उतरवतात आणि गस्तीची माणसं कंदील-बॅटरी घेऊन रात्रभर रुळांवरून चालतात. रुळाशेजारच्या फायबरला दरड कोसळल्याचा दणका कळू शकतो, तोही किती मीटरवर याच्यासह. पण लाल मातीचा डोंगर दणका न देता, ओल्या पिठासारखा हळूच सरकला तर? तेव्हा गस्तीवाल्याचा डोळाच लागतो. निदान पहिली काही वर्षं दोन्ही बरोबर चालवून, फायबरनं सांगितलेलं आणि गस्तीवाल्यानं पाहिलेलं रोज ताडून बघावं लागेल. सॉफ्टवेअरला कोकणातल्या पावसाचा, ओहोळांचा, म्हशींचा आणि मालगाडीचा आवाज कळायला तेवढे पावसाळे जातीलच.

खर्चाचं गणित सरकारी कामात बहुतेकदा उलटं मांडलं जातं. फायबर स्वस्त आहे, पेटी महाग. नवा पूल ओतताना काँक्रीटमध्ये फायबर घालून ठेवणं एकूण खर्चात दिसतसुद्धा नाही, आणि पूल उभा राहिल्यावर ते आत घालता येत नाही. पेटी मात्र सुटी असते. ती गाडीत घालून एका पुलावरून दुसऱ्यावर नेता येते, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा जोडून दोन्ही नोंदी शेजारी ठेवता येतात. त्यासाठी निविदेत दोन गोष्टी आधीच लिहिलेल्या हव्यात: फायबरची टोकं पुलाच्या कडेला कुलूपबंद डब्यात आणून ठेवायची, आणि पूल रिकामा असतानाची पहिली नोंद, तारीख आणि तापमानासह, ठेकेदारानं खात्याच्या हवाली करायची. ती पहिली नोंद नसेल तर वीस वर्षांनी आलेला आकडा कशाशी ताडायचा, हे कोणालाच सांगता येत नाही.